15 मिनिटांचे काम, 430 रुपयांचे बिल: घरातल्या विजेच्या किरकोळ दुरुस्तीचा खर्च कसा आवरावा

गेल्या एप्रिलमध्ये पुण्यातल्या आमच्या घरी बैठकीच्या खोलीतला पंखा मंद झाला. वायरमन आला, स्टुलावर चढला, मोटरीवरची वाटी वर सरकवून त्याने कंडेन्सर बदलला आणि पंधरा मिनिटांत खाली उतरला. बिल झाले 430 रुपये. त्यात कंडेन्सर 80 रुपयांचा, मजुरी 150 रुपये आणि उरलेले 200 रुपये नुसते घरी येण्याचे.

ही सरळ लूट आहे, असे त्या दिवशी मला वाटले. नंतर शांतपणे हिशेब मांडला तेव्हा मत बदलले. पंधरा मिनिटे मी मोजली होती ती पक्कड हातात घेतल्यापासूनची. त्याआधी त्याने शहराच्या दुसऱ्या टोकाहून गाडी हाकली होती, पार्किंग शोधले होते, रेग्युलेटर खराब आहे की कंडेन्सर हे तपासले होते आणि सुटा भाग आणण्यासाठी दुकानात एक फेरीही मारली होती. एका पंख्यापायी त्याचा दीड तास गेला. अशा हिशेबाने दिवसात पाच-सहा घरे झाली तरी पुष्कळ.

म्हणजे वायरमनच्या बिलात येणे, दोष शोधणे आणि दुरुस्त करणे अशा तीन गोष्टी असतात आणि किरकोळ कामात तिसरी सर्वांत स्वस्त असते. आपण मात्र घासाघीस करतो ती नेमकी तिसरीवर, आणि त्यातून वीस-तीस रुपयांपलीकडे काही सुटत नाही. खरी बचत फेऱ्या कमी करण्यात आणि दोष शोधण्याचा वेळ वाचवण्यात आहे. पुढे जे सांगितले आहे ते त्यासाठीच.

स्वतः काय करावे आणि कुठे थांबावे

घरमालकाने स्वतः किती हात घालावा, याबद्दल दोन टोकाची मते ऐकू येतात. काही जण बल्ब बदलायलाही माणूस बोलावतात, तर काही जण व्हिडिओ पाहून थेट डीबी (घराचा मेन स्विच असलेली वितरण पेटी) उघडतात. ही सीमा कायद्याने फार पूर्वीच आखून दिली आहे. भारतीय विद्युत नियम, 1956 मधील नियम 45 आणि त्यानंतर केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने 2010 साली आणि मग त्यांच्या जागी 2023 साली आणलेले सुरक्षाविषयक विनियम यांचा आशय असा आहे की, ग्राहकाच्या जागेतील विजेचे काम परवानाधारक ठेकेदाराने आणि सक्षम पर्यवेक्षकाच्या देखरेखीखालीच व्हावे. मात्र दिवे, पंखे, फ्यूज, स्विच, 250 व्होल्टपर्यंतची घरगुती उपकरणे आणि फिटिंग बदलणे याला अपवाद आहे, अट एवढीच की त्या बदलामुळे मांडणीची क्षमता किंवा तिचे स्वरूप बदलता कामा नये.

ही अट नीट समजून घेतली की बहुतेक प्रश्न आपोआप सुटतात. 6 अँपिअरचा स्विच काढून त्याच जागी 6 अँपिअरचाच बसवणे हे आपले काम आहे. 6 अँपिअरच्या सॉकेटच्या जागी गिझरसाठी 16 अँपिअरचे सॉकेट बसवणे हे आपले काम नाही. कारण भिंतीच्या आतली वायर दिव्यांसाठी टाकलेली, बहुधा 1 किंवा 1.5 चौरस मिलिमीटरची असते आणि तिच्यावर ते ओझे टाकणे म्हणजे क्षमता बदलणे होय. नवा पॉइंट काढणे, डीबीतली एमसीबी (ओझे वाढले किंवा शॉर्ट झाला की आपोआप पडणारा स्विच) बदलणे, अर्थिंग, गिझरची किंवा एसीची लाइन, भिंतीतली वायर ही सगळी कामे रेषेच्या पलीकडची आहेत. मीटरला आणि त्याच्या सीलला तर हातच लावू नये. विद्युत कायदा, 2003 च्या कलम 135 आणि 138 प्रमाणे मीटरशी छेडछाड हा गुन्हा ठरतो.

वीज खरोखर बंद झाली आहे का?

स्वतः करायचे काम कितीही लहान असले तरी सुरुवात इथूनच करावी. हा भाग जरा लांबवतो आहे, कारण अपघात इथेच होतात.

भिंतीवरचे बटण बंद करणे म्हणजे वीज बंद करणे नव्हे. बटण फक्त फेज (वीज आणणारी जिवंत तार) तोडते आणि जुन्या घरांत कुणी तरी ते चुकून न्यूट्रलवर (परतीच्या तारेवर) बसवलेले असेल, तर बटण बंद असतानाही होल्डरमध्ये फेज जिवंत असतो. बल्ब बदलण्यापलीकडचे कोणतेही काम असेल तर एकेरी एमसीबीवर विसंबू नये. तीही एकच तार तोडते. डीबीतला दुहेरी मेन स्विच किंवा आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) बंद करावी, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तुटतात.

घरात इन्व्हर्टर असेल तर एवढ्यानेही भागत नाही. मेन बंद करताच इन्व्हर्टरला वाटते की लाइट गेली, आणि तो बॅटरीवरून दिव्यांना व पंख्यांना वीज देऊ लागतो. आपण ज्या पंख्याला हात लावणार असतो तो नेमका त्याच लाइनवर असतो. त्यामुळे आधी इन्व्हर्टर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करावा, मग मेन पाडावा, आणि दोन्ही ठिकाणी घरातल्या माणसांना दिसेल अशी चिठ्ठी लावावी. घरात त्या वेळी दुसरे मोठे माणूस असलेच पाहिजे.

त्यानंतर टेस्टर. मेन पाडण्याआधी तो चालू सॉकेटच्या उजव्या भोकात घालून पेटतो याची खात्री करावी, मेन पाडल्यावर कामाच्या जागी लावून पाहावा आणि शेवटी इन्व्हर्टरच्या लाइनवर नसलेल्या दुसऱ्या ठिकाणीही लावून पाहावा. कुठेही पेटला तर काम थांबवावे. काम पूर्ण झाल्यावर वीज चालू करताच टेस्टर पुन्हा एकदा पाहावा, म्हणजे तो मधल्या वेळात बिघडला नव्हता हे कळते. हात-पाय कोरडे, पायात रबरी चप्पल आणि उभे राहायला लाकडी किंवा प्लॅस्टिकचे स्टूल असावे. पावसाळ्यात ओल आलेल्या भिंतीवरचा बोर्ड स्वतः उघडू नये.

बोलावण्याआधी दोष शोधावा

सगळ्यात आधी बिघाड आपला आहे की वीज कंपनीचा हे ठरवावे. जिन्यातला दिवा चालू आहे का, शेजाऱ्यांकडे लाइट आहे का, हे पाहायला दोन मिनिटे लागतात. मीटरपर्यंतची बाजू महावितरणची किंवा मुंबईत त्या त्या भागातल्या कंपनीची असते आणि महावितरणकडे तिची तक्रार 1912 या क्रमांकावर करता येते. त्यासाठी खासगी माणसाला पैसे देण्याचे कारण नाही. इमारतीतल्या ठरावीक घरांतच लाइट नसेल, तर बहुधा तीनपैकी एक फेज गेलेला असतो. मात्र काही दिवे अचानक भगभगीत आणि काही मिणमिणते झाले, तर न्यूट्रल तुटल्याची शक्यता असते. अशा वेळी शेजाऱ्यांकडे चौकशी करत न बसता तात्काळ मेन पाडावा आणि मगच फोन करावा, नाही तर टीव्ही-फ्रिजचे नुकसान होऊ शकते.

दोष घरातलाच असेल तर डीबीचे फक्त दार उघडून नेमके काय पडले आहे ते पाहावे. एमसीबी आणि आरसीसीबी यांच्या पडण्याचा अर्थ वेगवेगळा असतो. एमसीबी वर करताच ताडकन पडत असेल तर कुठे तरी शॉर्ट आहे. काही वेळाने पडत असेल तर ओझे जास्त आहे. उदाहरणार्थ, 16 अँपिअरच्या एकाच एमसीबीवर 3000 वॉटचा इन्स्टंट गिझर, 1500 वॉटची किटली आणि 1000 वॉटची इस्त्री एकदम चालली, तर 230 व्होल्टला ते जवळपास 24 अँपिअर होतात. इथे दुरुस्तीची गरजच नसते, गिझर चालू असेपर्यंत किटली आणि इस्त्री थांबवली की झाले. अशा वेळी 'जरा मोठी एमसीबी टाकून द्या' असे सांगणारे ग्राहक आणि ती मुकाट्याने टाकणारे कारागीर दोघेही मी पाहिले आहेत. एमसीबी वायरच्या रक्षणासाठी असते. ती मोठी केली की आधी वायर तापते.

आरसीसीबी मात्र वीज गळते आहे म्हणून पडते. जाणारा आणि परत येणारा प्रवाह यांत फरक पडला, घरगुती आरसीसीबीत तो साधारण 30 मिलिअँपिअरपर्यंत पोहोचला, की ती तुटते. इथे दोष शोधण्याची रीत सोपी आहे आणि वायरमनचा सर्वाधिक वेळ तिथेच जातो. घरातल्या सगळ्या उपकरणांचे प्लग सॉकेटमधून बाहेर काढावेत. नुसती बटणे बंद करून चालत नाही, कारण बटण बंद असले तरी न्यूट्रल जोडलेलाच राहतो आणि गळती त्या बाजूलाही असू शकते. मग आरसीसीबी वर करावी. टिकली, तर एकेक प्लग घालून उपकरण चालू करत जावे. ज्याच्यामुळे ती पडेल ते दोषी. माझ्या अनुभवात दहापैकी बऱ्याच वेळा तो गिझर निघतो. सगळे प्लग काढूनही ती टिकत नसेल तर गळती वायरिंगमध्ये आहे, आणि तो प्रांत वायरमनचा.

एखादाच पॉइंट बंद असेल तर आधी बल्ब दुसऱ्या, चालू होल्डरमध्ये लावून पाहावा. हे सांगण्याची लाज वाटते, परंतु फ्यूज गेलेल्या बल्बसाठी व्हिजिटचे पैसे मी स्वतः मोजले आहेत. सॉकेट मृत असेल तर टेस्टर दोन्ही भोकांत लावावा. उजव्या भोकात फेज आणि डाव्या भोकात न्यूट्रल असायला हवा. उजवीकडे पेटत नसेल तर फेज येत नाही. दोन्हीकडे पेटत असेल आणि तरीही उपकरण चालत नसेल, तर न्यूट्रल कुठे तरी सुटला आहे. एवढे एक वाक्य फोनवर सांगितले तरी वायरमनचा अर्धा तास वाचतो.

पंख्याच्या बाबतीत तीन खुणा पुरेशा आहेत. पंखा गुणगुणतो पण फिरत नाही, काठीने हलकेच ढकलल्यावर सुरू होतो, किंवा पाचवर ठेवूनही रेंगाळतो, तर कंडेन्सर गेला. पाचवर नीट चालतो पण खालच्या आकड्यांवर थांबतो किंवा सगळ्या आकड्यांवर सारख्याच वेगाने धावतो, तर रेग्युलेटर गेला. खरखर आवाज येत असेल तर बेअरिंग. मग पंखा उतरवून वाइंडिंगच्या दुकानात न्यावा लागतो. बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या नव्या प्रकारच्या मोटरीच्या) पंख्यांना या खुणा लागू नाहीत. त्यांच्यात इलेक्ट्रॉनिक सर्किट असते आणि वॉरंटीत असेपर्यंत ते उघडू नयेत.

बटण बंद केल्यावरही एलईडी बल्ब मंद पेटत किंवा लुकलुकत राहिला तर बल्बला दोष देऊ नये. बहुधा स्विच न्यूट्रलवर जोडलेला असतो किंवा बटणातल्या लाल दिव्यातून थोडा प्रवाह झिरपत असतो. पहिली गोष्ट असेल तर ती वायरमनकडून उलटवून घ्यावीच.

घरीच करता येतील अशी तीन कामे

पहिले काम पंख्याचा कंडेन्सर. मेन आणि इन्व्हर्टर बंद करून, पंखा पूर्ण थांबल्यावर, मोटरीवरच्या वाटीचा स्क्रू सैल करावा आणि वाटी दांड्यावर वर सरकवावी. कंडेन्सर तिथे दिसतो. त्याच्यावर 2.5 किंवा 3.15 मायक्रोफॅरॅड असा आकडा आणि व्होल्टेज छापलेले असते. फोटो काढून दुकानात दाखवावा आणि तोच आकडा आणावा. वेग वाढेल म्हणून मोठा आकडा घालू नये, मोटर तापते. जुना काढण्याआधी इन्सुलेशन असलेल्या पेचकसाने त्याची दोन्ही टोके क्षणभर जुळवावीत, म्हणजे साठलेली वीज निघून जाते. मग एक तार सोडवावी आणि तिच्या जागी नव्याची एक तार बसवावी, तसेच दुसरीचे. कंडेन्सरला उलट-सुलट बाजू नसते, पण बाकीच्या तारा मात्र हलवू नयेत. दांड्याच्या बोल्टला आणि स्प्लिट पिनला अजिबात हात लावू नये, सगळा पंखा तिच्यावर लटकलेला असतो.

दुसरे काम प्लग टॉप. इस्त्रीचा प्लग जळतो तो बहुतेक वेळा आतला स्क्रू सैल झाल्यामुळे. नवा प्लग उघडल्यावर आत इंग्रजी एल, एन आणि ई ही अक्षरे दिसतात. तपकिरी किंवा जुन्या वायरीतली लाल तार एलला, निळी किंवा काळी एनला आणि हिरवी किंवा हिरवी-पिवळी ईला, म्हणजे वरच्या जाड व लांब पिनेला जोडावी. ही पिन लांब असते ती अर्थिंग आधी जुळावे आणि शेवटी सुटावे म्हणून. ती कापून दोन पिनांवर काम भागवणे हा आपल्याकडचा जुना आणि घातक रिवाज आहे. तारेचे धागे पिळून एकत्र करावेत, स्क्रूखाली एकही धागा बाहेर राहू देऊ नये आणि अर्थची तार बाकी दोघींपेक्षा किंचित लांब ठेवावी. वायर ओढली गेली तर ताण जोडांवर न येता बाहेरच्या जाड आवरणावर यावा, म्हणून प्लगमधली पकडपट्टी घट्ट कसावी. शेवटी प्रत्येक तार हलकेच ओढून पाहावी.

तिसरे काम स्विच किंवा सॉकेट. प्लेट काढल्यावर काहीही सोडवण्याआधी फोटो काढावा, कारण एकाच फेजची तार एका बटणावरून दुसऱ्यावर उड्या मारत गेलेली असते आणि ती सुटली की पुढची सगळी बटणे मरतात. मॉड्यूलर बोर्ड असेल तर प्लेटवरचे कंपनीचे नाव आणि मालिका वाचून मगच दुकानात जावे. एका कंपनीचा स्विच दुसरीच्या प्लेटमध्ये बहुधा बसत नाही. आयएसआय चिन्ह पाहून घ्यावे. बोर्ड उघडल्यावर वायर काळवंडलेली किंवा तिचे आवरण वितळलेले दिसले, तर नवा स्विच न बसवता प्लेट बंद करावी आणि मेन पाडलेलाच ठेवून माणूस बोलवावा.

बोलवायचेच असेल तर

जळका वास, गरम लागणारा बोर्ड, नळाला किंवा गिझरला बसणारा झटका, काळी पडलेली एमसीबी यांपैकी काहीही असेल तर खर्चाचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी बोलवावे. बाकीची कामे साठवावीत. आमच्याकडे फ्रिजच्या दारावर एक कागद असतो. सैल सॉकेट, कुरकुरणारा रेग्युलेटर, बाल्कनीतला दिवा अशी चार-पाच कामे जमली की एकच फेरी होते आणि 200 रुपयांची व्हिजिट पाच कामांत वाटली जाते. सोसायटीत चार घरांनी मिळून एकच रविवार ठरवला तर वायरमनलाही ते परवडते, कारण त्याचा पूर्ण दिवस एकाच जागी भरतो.

माणूस निवडताना त्याच्याकडे वीजतंत्री किंवा तारतंत्री या आयटीआय व्यवसायाचे प्रमाणपत्र आणि वायरमनचा परवाना आहे का, हे विचारण्यात संकोच करू नये. मग फोटोसह असा संदेश पाठवावा: 'नमस्कार दादा, चार कामे आहेत. स्वयंपाकघरातल्या 16 अँपिअर सॉकेटमध्ये दोन्ही भोकांत टेस्टर पेटतो, मिक्सर चालत नाही. गिझर लावला की आरसीसीबी पडते. दोन रेग्युलेटर बदलायचे आहेत, फोटो पाठवला आहे. सामान मी आणून ठेवू की तुम्ही आणाल? व्हिजिट चार्ज मजुरीत धरता का, आणि चारही कामांचे मिळून किती होतील?' या संदेशाचे उत्तर येते तेव्हा दर आधीच ठरलेला असतो, आणि येणारा माणूस योग्य सामान घेऊन येतो. गिझरच्या एलिमेंटसारखी वस्तू मात्र त्यालाच आणू द्यावी. चुकीची आणली तर दुकानदार परत घेईलच असे नाही आणि फेरी दोनदा पडते. बदललेला जुना भाग मागून घ्यावा.

तो येण्याआधी पंख्याखालचा पलंग सरकवून ठेवावा, स्टूल काढावे आणि डीबीवर नावे लिहिलेली असावीत. हे नावे लिहिण्याचे काम एखाद्या दुपारी दोघांनी मिळून करावे. एकाने एकेक एमसीबी पाडावी, दुसऱ्याने घरभर फिरून काय बंद झाले ते सांगावे आणि चिकटपट्टीवर 'मागची खोली, दिवे' असे लिहून लावावे. तासाभराच्या या कामामुळे पुढच्या प्रत्येक फेरीत शोधाशोध वाचते. त्याच वेळी आरसीसीबीवरचे 'टी' अक्षराचे बटण दाबून ती पडते का हेही पाहावे. पडली नाही तर ती निकामी आहे, आणि यादीतले पहिले काम तेच.

काम झाल्यावर डीबीच्या दाराच्या आत चिकटवलेल्या कागदावर तारीख, काय बदलले, कोणत्या कंपनीचे आणि किती पैसे झाले एवढे लिहून ठेवावे. आमच्या कागदावर एप्रिलच्या त्या 430 रुपयांखाली ऑगस्टची एक नोंद आहे: शयनगृहातला पंखा, कंडेन्सर 2.5, 80 रुपये.